पैसे वाढले, सुनावणी घटली

एकाच गावात, एकाच बांधाला लागून असलेले दोन गट. एकातून पाटबंधारे खात्याचा कालवा जाणार, दुसऱ्यातून राष्ट्रीय महामार्ग. माती तीच, पाणी तेच, आणि दोन्ही फायली बहुतेक वेळा एकाच प्रांत कार्यालयात. तरी दोघा शेतकऱ्यांचे हक्क सारखे नसतात. कालव्याच्या शेतकऱ्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १५ खाली हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात; महामार्गाच्या शेतकऱ्याला १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३सी खाली २१. पहिल्याची हरकत ऐकून जिल्हाधिकारी आपला अहवाल सरकारकडे पाठवतो. दुसऱ्याची हरकत सक्षम प्राधिकारी ऐकतो, आणि त्याचाच आदेश अंतिम. पहिल्याची जमीन मोबदला पूर्ण दिल्याशिवाय ताब्यात घेता येत नाही. दुसऱ्याची जमीन कलम ३डी ची, म्हणजे संपादनाच्या घोषणेची, अधिसूचना राजपत्रात आली त्याच दिवशी केंद्र सरकारची होते. प्रत्यक्ष ताबा पैसे जमा झाल्यावर घेतात हे खरे, पण मालकी त्याआधीच गेलेली असते. सातबारावर नाव त्याचेच दिसत राहते, आणि बऱ्याच जणांना आपण आता मालक नाही हे ३जी खाली दावे मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रात वाचूनच कळते.

दोघांपैकी कोणाला कोणता कायदा लागेल हे शेतकरी ठरवत नाही, प्रकल्प ठरवतो. आणि प्रकल्प कोणत्या कायद्याखाली न्यायचा ते पुष्कळदा सरकार ठरवते. पुरंदरच्या नियोजित विमानतळाची जमीन औद्योगिक विकास कायद्याखाली घेतली जाते आहे. विमान उतरवायचे आणि कायदा कारखान्यांचा! बेकायदा काही नाही. पण कोणता कायदा वापरायचा याची निवड जमीन घेणाऱ्याच्या हातात असते आणि जमीन देणाऱ्याला त्यावर बोलण्याची जागा नसते, इतके त्यातून दिसते.

हे झाले कसे ते पाहण्यासारखे आहे. १८९४ च्या कायद्यावर शंभराहून अधिक वर्षे दोनच तक्रारी होत्या: मोबदला तुटपुंजा, आणि 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे सरकार म्हणेल ते. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हाही दुसरी तक्रार पहिलीइतकीच मोठी होती; पैसे किती यापेक्षा आम्हाला विचारले कोणी, हा प्रश्न होता. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दोन्ही तक्रारींना हात घातला. दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम, ३० टक्क्यांवरून १०० टक्के झाली, ग्रामीण भागात बाजारमूल्याला २ पर्यंत गुणांक लावता येऊ लागला. त्याबरोबर सामाजिक परिणाम मूल्यांकन, जनसुनावणी, तज्ज्ञ गटाची तपासणी आणि हरकतींची सुनावणीही आली. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागू लागली. (सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट तेव्हाही नव्हती, आजही नाही. ७० टक्क्यांचा ग्रामसभेचा ठराव करून निश्चिंत बसलेल्या गावांना हे उशिरा कळते.)

मग गळती सुरू झाली. मूळ कायद्यातच कलम १०५ आणि चौथी अनुसूची होती: राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, मेट्रो, कोळसा, अणुऊर्जा, पेट्रोलियम पाइपलाइन असे १३ केंद्रीय कायदे बाहेर. १ जानेवारी २०१५ पासून या १३ कायद्यांनाही नवा मोबदला आणि पुनर्वसन लागू झाले, प्रक्रिया मात्र ज्याची त्याची जुनीच राहिली. डिसेंबर २०१४ च्या अध्यादेशाने संमती आणि सामाजिक परिणाम मूल्यांकनातून मोठ्या प्रकल्पांना सूट देऊन पाहिली. देशभर विरोध झाला आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला तो अध्यादेश मुदत संपून गेला. पण दिल्लीत जे सोडून द्यावे लागले ते राज्यांच्या दाराने आत आले. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने कलम १०अ आणून काही प्रकारच्या प्रकल्पांना मूल्यांकनातून वगळण्याची मुभा घेतली. कलम १०५अ आणि पाचव्या अनुसूचीने महाराष्ट्र महामार्ग कायदा, औद्योगिक विकास कायदा, प्रादेशिक व नगररचना कायदा आणि म्हाडा कायदा हे चार कायदे नव्या प्रक्रियेबाहेर ठेवले. इथेही सौदा तोच, मोबदला नवा आणि प्रक्रिया जुनी.

माझे म्हणणे असे की हा सौदा शेतकऱ्याला महाग पडतो, आणि सरकारलाही. मोबदल्याचा आकडा प्रक्रियेतूनच तयार होतो. प्रक्रिया कच्ची असेल तर १०० टक्के दिलासा रक्कम चुकीच्या आकड्यावर १०० टक्के मिळते.

आकडा कसा बनतो ते एकदा पाहू. कलम २६ म्हणते: मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला दर, म्हणजे रेडी रेकनर, आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी, यांत जे जास्त ते बाजारमूल्य. सरासरी काढायची ती मागच्या तीन वर्षांच्या खतांपैकी सर्वांत जास्त किमतीच्या निम्म्या खतांची. समजा, तीन वर्षांत १२ खते झाली आणि त्यांतल्या वरच्या ६ खतांचे हेक्टरी दर लाखांत ३४, ३१, २५, २४, २२, २० आहेत. सरासरी २६ लाख. गुणांक २ लावला की ५२, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, एकूण १०४ लाख. आता याच कलमात एक स्पष्टीकरण आहे: एखादी किंमत खरा बाजारभाव दाखवत नाही असे जिल्हाधिकाऱ्याला वाटले तर ती सोडून देता येते. ३४ आणि ३१ ची दोन खते 'रस्त्यालगतची', 'बिनशेती संभाव्यतेची' म्हणून बाजूला काढली. उरली १०, त्यांतली वरची ५ म्हणजे २५, २४, २२, २० आणि पुढचे १७. सरासरी २१.६ लाख, अंतिम रक्कम ८६.४ लाख. दोन खतांवर मारलेल्या एका रेघेने हेक्टरी १७ लाख ६० हजार गेले.

ती रेघ योग्य असेलही. रस्त्यावरच्या दहा गुंठ्यांचा भाव आतल्या जिरायतीला लावणे चूकच. पण कोणती खते धरली, कोणती सोडली आणि का, हे शेतकऱ्याला निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, प्रत मागून, कधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून शोधावे लागते. खतांचे दस्त क्रमांक, क्षेत्र, दर आणि वगळण्याचे कारण असे एक पान निवाड्याआधी ग्रामपंचायतीत लावायला काहीच खर्च येत नाही. गुणांकाचेही असेच. कायद्याने १ ते २ ही मर्यादा दिली, नेमका आकडा राज्याने अधिसूचनेने ठरवायचा. वरच्या उदाहरणात २ ऐवजी १ धरला तर १०४ चे ५२ लाख होतात. अर्धा मोबदला ज्यावर अवलंबून आहे त्या अधिसूचनेवर बाधिताची हरकत ऐकण्याची तरतूद नाही.

यात आपलाही वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मुद्रांक शुल्क वाचवायला खत रेडी रेकनरच्या दराने करायचे आणि उरलेले रोखीने, ही सवय गावोगावी आहे. संपादनाच्या वेळी तीच खते सरासरीत येतात आणि गावभर सगळ्यांचा भाव पाडतात. न्यायालयातही ज्या व्यवहाराची नोंद नाही तो पुरावा म्हणून चालत नाही.

पण खरी हार-जीत ठरते ती संयुक्त मोजणीच्या दिवशी. शेतात भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो, संपादन करणाऱ्या संस्थेचा अभियंता येतो, तलाठी येतो (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कधी कृषी खात्याचा माणूस असतो, आणि असला तर खातेदार. दिवसात पंचवीस-तीस गट उरकायचे असतात. सीमेचे दगड रोवले जातात, पत्रकात गट नंबर, खातेदाराचे नाव, बाधित क्षेत्र, झाडे, विहीर, पाइपलाइन, घर, गोठा असे रकाने भरले जातात, खाली सह्या होतात. पुढे मूल्यांकन करणारे सार्वजनिक बांधकामचे, कृषीचे, वन खात्याचे अधिकारी हाच कागद धरून चालतात. जे पत्रकात नाही ते निवाड्यात येत नाही. आणि झाडांवर, बांधकामावर, विहिरीवरही १०० टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणून पत्रकात सुटलेली एक लाखाची वस्तू दोन लाखांना पडते.

चुका ठरावीक असतात. 'आंबा झाडे २०' असे लिहिले जाते, वय लिहिले जात नाही. फळझाडाची किंमत उत्पन्न आणि उरलेल्या आयुष्यावर निघते, त्यामुळे वयाचा रकाना कोरा राहिला की झाड फळावर आलेलेच नाही असे धरायला वाट मोकळी होते. बोअरची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत नसते, पीकपाहणीला 'जिरायत' लागलेले असते, म्हणून समोर ऊस उभा असूनही दर जिरायतीचा लागतो. जमिनीखालची पाइपलाइन कोणी उकरून दाखवत नाही. विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि उरलेले रान दुसऱ्या बाजूला राहिले, तर पाइप रस्त्याखालून न्यायला वेगळी परवानगी आणि वेगळा खर्च. जमीन तुटल्यामुळे होणारे हे नुकसान कलम २८ खाली मागता येते, पण मोजणीच्या दिवशी ते लिहून घेतले असेल तर त्याला जोर येतो. सहा महिन्यांनी केलेल्या अर्जाला तितका नाही.

सर्वांत चिवट भांडण पोटहिश्शांचे. चार भावांनी वाटण्या करून बांध घातलेले, पण नकाशावर पोटहिस्से नाहीत, मोजणी करून कमी-जास्त पत्रक कधी झाले नाही. रस्ता जातो धाकट्याच्या तुकड्यातून, सातबारावर मात्र चौघांचे सामाईक खाते. पैसे चौघांच्या नावाने निघतात. कोणी एकाने हरकत घेतली की रक्कम २०१३ च्या कायद्याखालच्या प्राधिकरणात किंवा दिवाणी न्यायालयात जमा. पुढची काही वर्षे ती तिथेच पडून राहते, तोवर धाकट्याची जमीन डांबराखाली गेलेली असते.

या पत्रकाची प्रत त्याच दिवशी, तिथेच, खातेदाराच्या हातात दिली पाहिजे, आणि त्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस दिले पाहिजेत. आज खातेदार फार तर मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, तोही कोणी काढू दिला तर. तोपर्यंत एवढेच म्हणता येते की रकाना कोरा असेल तर सही करू नये, आणि करावीच लागली तर सहीच्या वर आपल्या हाताने काय सुटले ते लिहावे.

हरकतींच्या सुनावणीबद्दल बोलायचे तर तिथे दोन्ही बाजूंनी नाटक चालते. शेतकऱ्यांकडून दोनशे छापील अर्ज येतात, सगळ्यांत एकच वाक्य: 'जमीन सुपीक आहे, देणार नाही.' कार्यालयाकडून दोनशे छापील आदेश जातात, सगळ्यांत एकच वाक्य: 'प्रकल्प सार्वजनिक हिताचा असल्याने हरकत अमान्य.' असल्या सुनावणीतून काही निघत नाही. चालणारी हरकत वेगळी असते. या गटात विहीर आहे आणि रेषा वीस मीटर पूर्वेला सरकवली तर ती वाचते. मोजणीत अमुक आर क्षेत्र जास्त धरले आहे. उरणारा तुकडा चार गुंठ्यांचा, त्याला रस्ता नाही. अशा हरकतीला उत्तर देताना अधिकाऱ्याला नकाशा उघडावाच लागतो. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद ३००अ मधून सात हक्क काढून दाखवले: नोटीस, सुनावणी, कारणे दिलेला निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला, कार्यक्षम आणि मुदतीत प्रक्रिया, आणि तिची पूर्तता. मोबदला त्यांतला एक. उरलेले सहा त्याच्यासाठी विकता येत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ.

प्रत्यक्षात मात्र ते विकले जातात, आणि कधी न्यायालयाच्याही हातून. कोलकात्याजवळच्या एका ज्यूट गिरणीची जमीन महामार्गासाठी घेताना अधिसूचनेत जमिनीचे वर्णन इतके अपुरे होते की २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सदोष ठरवली. पण तोवर रस्ता जवळजवळ झालेला. जमीन परत देणे अशक्य, म्हणून मूल्यांकनाची तारीख पुढे आणून मोबदला वाढवला. प्रक्रियेतली चूक कामाआधी सापडली तर रेषा बदलते, कामानंतर सापडली तर फक्त रक्कम बदलते. म्हणूनच आधीची सुनावणी कापणे नंतरच्या वाढीव मोबदल्याने भरून निघत नाही.

यावर नेहमीचे उत्तर: एवढे सगळे केले तर प्रकल्प वीस वर्षे रखडतील. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. सामाजिक परिणाम मूल्यांकनाला कायद्याने सहा महिने दिले, आणि सल्लागार संस्थांनी त्याचे जाडजूड अहवाल केले, ज्यांत अमुक गावाची लोकसंख्या आणि साक्षरता जनगणनेतून उतरवलेली असते आणि शेवटी 'परिणाम सकारात्मक' असतो. वीस किलोमीटरच्या रस्त्याला हे ओझे नको, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. रेषेसारख्या जाणाऱ्या छोट्या प्रकल्पांना मूल्यांकन दोन महिन्यांत आणि पंचवीस पानांत बसू शकते. पण रखडण्याचे खापर सुनावणीवर फोडणे खोटे आहे. २०१३ च्या कायद्यात स्वतःचीच घड्याळे आहेत: कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेपासून १२ महिन्यांत कलम १९ ची घोषणा, घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा, नाही तर कारवाई व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. त्यांतले ६० दिवस हरकतींचे. बाकीचे दिवस जातात ते मोजणीला भूकरमापक न मिळण्यात, फेरफार प्रलंबित असण्यात आणि संपादन संस्थेने रक्कम वेळेवर जमा न करण्यात. हरकतीचे ६० दिवस २१ केले म्हणून यातले काहीच लवकर होत नाही.

निवाड्यानंतरच्या वाटाही सारख्या नाहीत. २०१३ च्या कायद्यात मोबदला घेताना 'हक्क राखून', म्हणजे अंडर प्रोटेस्ट, असे लिहून घ्यावे लागते. ते न लिहिता पैसे उचलले तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्जच करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला अर्जाची मुदत अवघी सहा आठवडे. निकाल देणारे प्राधिकरण मात्र जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या व्यक्तीचे, महसूल खात्याबाहेरचे. महामार्गाच्या शेतकऱ्याला कलम ३जी(५) खाली लवादाकडे जावे लागते. तो लवाद केंद्र सरकार नेमते आणि तो सहसा जिल्हाधिकारी किंवा महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो. प्रांताने ठरवलेल्या दराची तपासणी प्रांताचा वरिष्ठ करणार! त्यापुढे जिल्हा न्यायालय, पण लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिथे निवाडा रद्द करता येतो, बदलता येत नाही. २०२५ मध्ये घटनापीठाने बदलाची थोडी वाट उघडली, तीही मर्यादित. म्हणजे दर कमी लागला हे मान्य झाले तरी तो वाढवून देणारे न्यायालय सहजी हाताशी नाही. १९९७ च्या दुरुस्तीने महामार्गाच्या संपादनात दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले होते, ते घटनाबाह्य ठरायला २०१९ उजाडले. लवाद न्यायिक अधिकारी असावा, एवढ्या एका बदलाने महामार्गाच्या संपादनातला बराच संशय निघून जाईल.

थेट खरेदीची वाट लोकप्रिय आहे. खासगी वाटाघाटीने खरेदी, कायद्याने निघणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के जास्त, पैसे लवकर. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीन अशीच घेतली गेली. ज्याला पैसे आज हवेत त्याला हा व्यवहार वाईट नाही. पण नावात वाटाघाट असली तरी दर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. खातेदार फक्त हो किंवा नाही म्हणतो, आणि नाही म्हटले तर तीच जमीन सक्तीने, २५ टक्के वगळून. खरेदीखत झाले की कलम ६४ संपले. शेजाऱ्याला पुढे प्राधिकरणाने वाढवून दिले तर कलम ७३ खाली तोच दर मागण्याचा हक्कही गेला. हे हक्क सोडतो आहोत हे खरेदीखताआधी समजावून सांगणारा कागद मराठीत, एका पानाचा, खातेदाराला मिळत नाही.

आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे काय? कायद्याच्या व्याख्येत 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त खातेदार नव्हे. त्या जमिनीवर आधीची तीन वर्षे राबून पोट भरणारे शेतमजूर, वाटेकरी, कारागीरही त्यात येतात. दुसऱ्या अनुसूचीत त्यांच्यासाठी नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा २० वर्षे दरमहा किमान २ हजार असा पर्याय आहे. वगळलेल्या कायद्यांनाही ही अनुसूची लागू आहे. पण या लोकांची गणना करणारी प्रक्रिया २०१३ च्या कायद्यातली, आणि ती तिथे लागू नाही. हक्क आहे, हक्कदारांची यादी नाही. संयुक्त मोजणीच्या पत्रकात सागाच्या झाडाला रकाना आहे, विहिरीच्या व्यासाला आहे, गोठ्याच्या पत्र्यालाही आहे. या शेतात तीन वर्षे कोण कामाला येते याला नाही. तो वाढवायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही, जिल्हाधिकाऱ्याचे एक परिपत्रक पुरते.